बायांना आधी कळलं होतं



आजची गोष्ट इतिहासातली आहे. पण ती राजाची नाही, लढाईचीही नाही. ती बाळंतिणींची आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या गरीब बायका एका दवाखान्याला घाबरत होत्या. तिथल्या मोठमोठ्या डॉक्टरांना त्या भीतीचं कारण सापडत नव्हतं. कारण सापडलं तेव्हा ते अगदी साधं निघालं, आणि साधं होतं म्हणूनच कितीतरी जणांना ते मानवलं नाही. ही गोष्ट सांगायचं कारण असं की, आज आपल्या लेकी-सुना दवाखान्यात बाळंत होतात. दवाखान्यात गेलेली बाई सुखरूप घरी यावी यासाठी काय लागतं, ते या गोष्टीतून नीट समजतं.

युरोपात ऑस्ट्रिया नावाचा देश आहे. व्हिएन्ना ही त्याची राजधानी. तिथे १७८४ साली बादशहाने एक भलंमोठं सरकारी रुग्णालय सुरू केलं. त्यात बाळंतपणाचा विभाग होता आणि तिथे गरीब बायकांचं बाळंतपण फुकट होत असे. येणाऱ्या बऱ्याच जणी मोलकरणी, कामगार बायका होत्या, कितीतरी जणी लग्नाशिवाय गरोदर राहिलेल्या. ज्यांना घरी कोणी करणारं नव्हतं, त्यांना हा दवाखाना म्हणजे मोठाच आधार. फुकट उपचाराच्या बदल्यात अट एकच होती, की शिकाऊ विद्यार्थी त्यांना तपासणार आणि त्यांच्यावरून शिकणार.

पुढे बाळंतपणाचे दोन विभाग झाले. १८४० पासून पहिल्या विभागात फक्त डॉक्टरकी शिकणारी मुलं आणि दुसऱ्या विभागात फक्त सुईणपण शिकणाऱ्या बायका, अशी वाटणी झाली. वास्तू एकच, शहराची हवा एकच, येणाऱ्या बायकाही सारख्याच परिस्थितीतल्या. कोणत्या बाईला कुठे घ्यायचं हे तिची जात, पैसा किंवा दुखणं बघून ठरत नव्हतं. भरतीचे दिवस आळीपाळीने ठरलेले होते. आज पहिल्या विभागाचा दिवस असेल, तर आज आलेली बाई पहिल्यात. उद्या आली, तर दुसऱ्यात.

आता आकडे ऐका. हे आकडे त्या रुग्णालयाच्या दप्तरातले आहेत. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ बाळंतपणं झाली आणि १,९८९ बायका मेल्या. म्हणजे शंभरात जवळजवळ दहा. दुसऱ्या विभागात १७,७९१ बाळंतपणं झाली आणि ६९१ बायका मेल्या. म्हणजे शंभरात जेमतेम चार. दुसऱ्या विभागात मरत होत्या तेवढ्याच प्रमाणात पहिल्यात मेल्या असत्या, तर सहा वर्षांत सुमारे बाराशे बायकांचे जीव वाचले असते. बाराशे म्हणजे दहा-दहा जणींचे एकशेवीस बचत गट.

खरा फरक याहूनही मोठा होता. पहिल्या विभागातल्या काही आजारी बाळंतिणींना रुग्णालयाच्या दुसऱ्या वॉर्डात हलवलं जाई. तिथे त्या मेल्या, तर तो मृत्यू बाळंतपणाच्या वहीत येतच नसे.

या बायका मरत होत्या सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतिणीच्या तापाने. बाळंतपणानंतर एक-दोन दिवसांत अंगात थंडी भरायची, ताप चढायचा, पोट फुगून दुखायचं, अंगावरून घाण वासाचं जायचं आणि बाई आठवड्याच्या आत जायची. पुष्कळदा बाळही तिच्या मागोमाग जायचं.

आता मुख्य गोष्ट. हा फरक डॉक्टरांच्या आधी कोणाला कळला होता? बायकांना. शहरातल्या गरीब बायकांमध्ये पहिल्या विभागाची दहशत होती. आज पहिल्या विभागाचा दिवस आहे असं कळलं, की दारात आलेल्या बाया गुडघे टेकून, हात जोडून विनवायच्या की आम्हाला दुसऱ्यात घ्या. काही जणी तर वाटेतच, रस्त्यावरच बाळंत व्हायच्या आणि मग बाळ पदरात घेऊन दवाखान्यात यायच्या. आणि नवल असं, की रस्त्यावर बाळंत झालेल्या बाया पहिल्या विभागात बाळंत झालेल्यांपेक्षा कमी आजारी पडत. ज्या बाईला सुईण नाही, खाट नाही, आडोसा नाही, ती राजधानीतल्या नावाजलेल्या रुग्णालयापेक्षा रस्त्यावर जास्त सुरक्षित होती!

त्या बायांना अक्षरओळख नसेल, पण कोण गेली आणि कोण परत आली हे त्यांना ठाऊक होतं. बहीण गेली ती आली नाही, शेजारीण गेली ती आली नाही. हीच त्यांची नोंदवही. मोठ्या लोकांनी मात्र या भीतीला अडाणीपणा समजून सोडून दिलं. उलट काहींचं म्हणणं असं की, बायका घाबरतात म्हणूनच त्यांना ताप येतो.

१८४६ साली त्या पहिल्या विभागात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे डॉक्टर मदतनीस म्हणून रुजू झाले. ते हंगेरीचे. वय अठ्ठावीस. विभागप्रमुख होते योहान क्लाइन. सेमेलवाइस यांना हे मृत्यू बघवेनात. एकाच छपराखाली दोन विभाग असताना एकात मरण इतकं जास्त का, हा प्रश्न त्यांना सोडेना.

त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. लोक जी जी कारणं सांगत होते, ती ती त्यांनी एकेक करून तपासली. कोणी म्हणे शहराची हवाच दूषित आहे. मग ती दोन्ही विभागांत सारखीच असायला हवी. कोणी म्हणे पहिल्या विभागात गर्दी फार होते. मोजलं तर गर्दी दुसऱ्यातच जास्त, कारण बायका तिकडेच धाव घ्यायच्या. कोणी म्हणे पाद्री मरणाऱ्या बाईजवळ प्रार्थनेला जातो तेव्हा पुढे घंटा वाजते आणि ती ऐकून बाकीच्या बाया हबकतात. पहिल्या विभागात पाद्र्याला पाच खोल्या ओलांडून जावं लागे, दुसऱ्यात तसं नव्हतं. सेमेलवाइस यांनी पाद्र्याला विनंती केली की वळसा घालून, घंटा न वाजवता या. काही फरक पडला नाही. सुईणी बाईला कुशीवर निजवून बाळंत करतात आणि डॉक्टर पाठीवर, म्हणून पहिल्या विभागातही बायांना कुशीवर निजवून पाहिलं. तरीही काही फरक नाही.

सरकारी चौकशी समितीने दोष परदेशी विद्यार्थ्यांवर ठेवला. म्हणे ते बायांना तपासताना हात आडदांडपणे लावतात. विद्यार्थी ४२ वरून २० वर आणले. काही महिने मृत्यू कमी झाले, पण १८४७ च्या एप्रिलमध्ये आकडा पुन्हा उसळला. त्या एका महिन्यात शंभरात अठरा बायका गेल्या.

त्याच सुमारास एक घटना घडली होती. मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस यांचे स्नेही, याकोब कोलेच्का नावाचे प्राध्यापक, वारले. प्रेताची चिरफाड करून विद्यार्थ्यांना शिकवताना एका विद्यार्थ्याच्या सुरीने त्यांच्या बोटाला जखम झाली होती. त्यातून त्यांना ताप भरला आणि ते गेले. त्यांच्या पोस्टमॉर्टेमचा अहवाल सेमेलवाइस यांनी वाचला आणि ते चमकले. बाळंतिणींच्या शरीरात जे दिसायचं, तेच या पुरुषाच्या शरीरात होतं. पुरुषाला काही बाळंतपण नसतं! मग दोघांत सारखं काय? कोलेच्कांच्या अंगात सुरीवाटे प्रेताची घाण शिरली होती. बाळंतिणीच्या अंगात ती कशी शिरत असेल?

उत्तर रोज डोळ्यांसमोर होतं. पहिल्या विभागातले डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेतं चिरायचे. तिथून हात वरवर साबणाने धुऊन थेट बाळंतपणाच्या वॉर्डात जायचे आणि त्याच हातांनी कळा देणाऱ्या बायांना आतून तपासायचे. हातांना प्रेताचा वास येतच असे. दुसऱ्या विभागातल्या सुईणी प्रेतं चिरत नव्हत्या. फरक होता तो एवढाच.

जुन्या दप्तरानेही हेच सांगितलं. १७८९ पासून १८२२ पर्यंत बोएर नावाचे प्रमुख होते. त्यांच्या काळात शिकवण्यासाठी प्रेतं चिरण्याची पद्धत नव्हती. रुग्णालय उघडल्यापासून १८२२ पर्यंत सुमारे ७१ हजार बाळंतपणांत ८९७ मृत्यू झाले होते, म्हणजे शंभरात सव्वा. क्लाइन आले, चिरफाडीतून शिकवणं सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी शंभरात सात बायका मेल्या. विद्या वाढली, पण तिच्याबरोबर मरणही वाढलं. आणि ते कोणी ताडून पाहिलं नाही.

इथे सेमेलवाइस यांचा मोठेपणा आहे. ते स्वतः सर्वात मेहनती. रोज सकाळी नेमाने प्रेतं चिरून अभ्यास करणारे. कारण शोधण्यासाठी जितकी जास्त प्रेतं चिरली, तितकी जास्त घाण त्यांच्याच हातांनी वॉर्डात नेली होती. आपल्यामुळे किती बायका अकाली गेल्या ते देवालाच ठाऊक, अशा अर्थाचं त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं. दोष दुसऱ्याच्या माथी मारणं सोपं असतं. त्यांनी तो आपल्या हातांवर घेतला, म्हणून उपाय सापडला.

उपाय काय? १८४७ च्या मे महिन्याच्या मध्यावर त्यांनी वॉर्डाच्या दारात क्लोरीनच्या पाण्याचं भांडं ठेवलं. आत येणाऱ्या प्रत्येकाने त्यात हात धुवायचे, मग तो कितीही मोठा डॉक्टर असो. पुढे खर्च कमी व्हावा म्हणून त्यांनी चुन्याची क्लोरीन पावडर वापरायला सुरुवात केली. तुमच्या ओळखीचीच वस्तू आहे ती. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत आणि टाकीत टीसीएल पावडर टाकतो ना, त्याच जातीची. ही पावडर का निवडली? तर हातांचा प्रेताचा वास तिने जात होता, साध्या साबणाने जात नव्हता. रोगजंतू नावाची काही गोष्ट असते, हे त्या वेळी डॉक्टरांना माहीत नव्हतं. तरीही उपाय लागू पडला.

एप्रिलमध्ये शंभरात अठरा आणि मेमध्ये बारा मृत्यू होते. जूनमध्ये ते दोनाच्या आसपास आले आणि जुलैमध्ये एकाच्या. १८४८ हे पूर्ण वर्ष हात धुण्याचं गेलं. त्या वर्षी पहिल्या विभागात ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले आणि दुसऱ्यात ३,२१९ पैकी ४३. दोन्ही विभाग सारखे झाले. त्या वर्षी दोन महिने तर असे गेले की पहिल्या विभागात एकही बाळंतीण मेली नाही.

मधे एक ठोकर लागली, तीही सांगते. १८४७ च्या ऑक्टोबरमध्ये वॉर्डातल्या पहिल्या खाटेवर गर्भाशयाचा कॅन्सर झालेली, अंगावरून घाण जाणारी एक बाई होती. डॉक्टर तिला तपासून, हात नुसते साबणाने धुऊन पुढच्या खाटांवर गेले. क्लोरीनच्या पाण्याने हात फक्त वॉर्डात शिरताना धुतले होते. त्या वेळच्या बारा बाळंतिणींपैकी अकरा जणी गेल्या. त्यातून कळलं की विष फक्त प्रेतातूनच येतं असं नाही, जिवंत माणसाच्या घाणीतूनही येतं. मग नियम बदलला. आता दारात एकदा हात धुऊन भागणार नव्हतं, प्रत्येक बाईला हात लावण्याआधी धुवायचे होते. मैत्रिणींनो, हा नियम आजही तसाच आहे, आणि आजही बऱ्याच ठिकाणी तोच मोडतो.

आता तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर सेमेलवाइस यांची मिरवणूक निघाली असेल. तसं झालं नाही. प्रमुखांना ते पटलं नाही. १८४९ मध्ये त्यांची नेमणूक पुढे वाढवली नाही. १८५० मध्ये ते व्हिएन्ना सोडून हंगेरीतल्या पेस्ट शहरात, म्हणजे आजच्या बुडापेस्टमध्ये, गेले. तिथल्या एका छोट्या रुग्णालयात सहा वर्षं त्यांनी बाळंतपणाचा वॉर्ड सांभाळला. ९३३ बाळंतपणांत तापाचे मृत्यू आठच.

व्हिएन्नात मात्र शिस्त सैल झाली. १८५४ साली त्याच पहिल्या विभागात शंभरात नऊ बायका पुन्हा मेल्या. उपाय ठाऊक होता, भांडं ठाऊक होतं, पावडर स्वस्त होती. तरीही बायका मेल्या, कारण नियम एका माणसाच्या जोरावर चालत होता. माणूस गेला, नियमही गेला.

डॉक्टरांनी विरोध का केला? एक तर हवेतून रोग येतो ही जुनी समजूत पक्की होती. दुसरं म्हणजे, मी प्रतिष्ठित माणूस, माझे हात घाण कसे असतील, हा अभिमान. आणि तिसरी गोष्ट सर्वात अवघड. हे मान्य करायचं म्हणजे आपल्याच हातून बायका मेल्या हे मान्य करायचं. सेमेलवाइस यांचंही काही चुकलं. पुस्तक लिहायला त्यांनी १८६१ साल उजाडू दिलं. आणि विरोध करणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी जाहीर पत्रांतून खुनी म्हटलं. शिव्या खाऊन कोणी हात धूत नाही. पुढे त्यांचं मन बिघडलं. १८६५ मध्ये त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं, तिथे मारहाण झाली आणि जखम चिघळून, विष अंगात भिनून ते सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. ज्या रोगाशी ते जन्मभर झगडले, तसल्याच रोगाने.

१८७९ मध्ये पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी सूतिकाज्वराचे जंतू दाखवून दिले. तेव्हा कुठे डॉक्टरमंडळींना पटू लागलं.

आता या गोष्टीतून कोणी उलटा अर्थ काढू नका. दवाखाना वाईट, घरीच बाळंत व्हा, असं ही गोष्ट सांगत नाही. १८४८ चे आकडे आठवा. हात स्वच्छ झाले तेव्हा दोन्ही विभाग सारखेच सुरक्षित झाले. बाळंतपणात रक्तस्राव झाला, झटके आले, बाळ अडलं, तर जीव वाचवायची सोय दवाखान्यातच असते. घरी किंवा वाटेत ती नसते. म्हणून जायचं दवाखान्यातच. पण दवाखान्याची इमारत कोणाला वाचवत नाही. आतल्या माणसांच्या सवयी वाचवतात.

आपल्याकडेही बाया बोलतात. बैठक संपली की चपला घालता घालता गोष्टी निघतात. अमुक ठिकाणी नको गं, तिथे टाके पिकतात. तमुक ठिकाणी सिस्टर चांगली आहे, पण रात्री पाणी नसतं. हे आपण कुजबुजतो आणि सोडून देतो. व्हिएन्नाच्या बायांनीही हेच केलं, कारण त्यांचं ऐकणारं कोणी नव्हतं. आपल्याकडे गट आहे, ग्रामसंघ आहे, वही लिहिणारी सचिव आहे. दहा रुपयांचा फरक आला तर आपण हिशेब जुळेपर्यंत उठत नाही. तीच सवय इथे लावायची.

गटाच्या वहीत एक पान बाळंतपणाचं ठेवा. तारीख, बाळंतपण कुठे झालं, आई कशी आहे, बाळ कसं आहे, दहा दिवसांत ताप आला का, टाके पिकले का. एवढंच. बाईची इच्छा नसेल तर नाव लिहू नका, आणि बैठकीत नावं वाचू तर मुळीच नका. वर्षभराने त्या पानावर काय दिसतं ते बघा. एकाच ठिकाणचे ताप पुन्हा पुन्हा दिसले, तर ती कुजबुज उरत नाही, माहिती होते. ती माहिती आशाताईंना द्या, ग्रामसंघातून आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवा. आपल्या महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख झाली आहे. गावच्या लोकांनी सेवांची नोंद ठेवली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडली. म्हणजे ही वाट नवी नाही.

बाळंतपणात बाई दगावली, तर त्या मृत्यूची नोंद आणि चौकशी व्हावी असा सरकारचाच नियम आहे. तिचं नशीब म्हणून मिटवू नका. ती चौकशी झाली का, असं विचारा. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून हे विचारायचं नसतं, पुढची बाई वाचावी म्हणून विचारायचं असतं.

दवाखान्यात जाल तेव्हा सोबतच्या बाईने काय बघायचं? बाळंतपणाच्या खोलीत नळाला पाणी आहे का, साबण आहे का, हातमोजे आहेत का. तपासायला येणाऱ्याने हात धुतले का. जागतिक आरोग्य संघटनेने हात धुण्याच्या पाच वेळा सांगितल्या आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, जखम किंवा नाजूक काम करण्याआधी, रक्त वा घाण लागल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या खाटेला-सामानाला हात लावल्यावर. सोबतच्या आपल्या माणसांनीही बाळाला घेण्याआधी हात धुवावेत. नियम फक्त सिस्टरला नाही.

याच संघटनेने बाळंतपणासाठी एक तपासणी यादी केली आहे. चार वेळा थांबून बघायचं: बाई भरती होताना, बाळ बाहेर येण्याच्या जरा आधी, जन्मानंतर पहिल्या तासात आणि घरी सोडताना. आपल्या केंद्र सरकारने २०१७ मध्ये लक्ष्य नावाचा कार्यक्रम सुरू केला, तोही बाळंतपणाच्या खोलीचा दर्जा सुधारण्यासाठीच. पण नुसती यादी भिंतीवर लावून भागत नाही. उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांमध्ये या यादीची मोठी चाचणी झाली. निम्म्या केंद्रांत शिकवणारे लोक येत होते, तोवर कामाच्या सवयी चांगल्याच सुधारल्या. त्यांचं येणं थांबलं तशा त्या थोड्या घसरल्या. आणि आई-बाळांचे मृत्यू मात्र त्याने कमी झाले नाहीत. म्हणजे यादीबरोबर पुरेशी माणसं, औषधं, रक्ताची सोय आणि वेळेवर मोठ्या दवाखान्यात पोचवणारी गाडीही लागते. व्हिएन्नाने जे शिकवलं तेच इथेही दिसतं. सुरक्षितता रोज सांभाळावी लागते.

विचारताना रीत सांभाळा. सिस्टर एकटी असते, रात्रपाळी असते, कधी तिच्या खोलीत पाणीच नसतं. तिच्यावर ओरडून उपयोग नाही. "सिस्टर, हात धुवायला पाणी आहे ना? नसेल तर आम्ही भरून आणतो," असं म्हटलं की ती समजते. आणि पाणी का नाही, हा प्रश्न मग समितीत विचारायचा, तोही गटाने मिळून.

शेवटी एक गोष्ट पाठ करून ठेवा. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत ताप आला, थंडी वाजली, ओटीपोटात दुखलं, अंगावरून घाण वासाचं गेलं किंवा रक्त जास्त गेलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. दृष्ट काढत बसू नका. १०२ किंवा १०८ नंबरला फोन करा आणि दवाखाना गाठा. त्या काळी या तापाला औषध नव्हतं, आज आहे. पण ते वेळेत मिळालं तरच. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्यांना बाळाबरोबर आईचंही दाखवा. सासूबाईंनो, सून ताप सांगत असेल तर ती नाटक करत नाही, हे लक्षात असू द्या.

येत्या बैठकीत कर्जाचा हप्ता भरून झाला की पाच मिनिटं काढा आणि वहीत ते पान आखून घ्या. गावात या महिन्यात कोण बाळंत झाली, तिथून सुरुवात करा.